दशावताराची अख्खी रात्र आणि नखाएवढं कार्ड : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गेल्या हंगामात दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, चित्रित करतानाची ती रात्र अजून डोक्यातून जात नाही. पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं झालेली, आख्यान ऐन रंगात, राजा आणि नारद समोरासमोर, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेकॉर्डिंग थांबल्याची सूचना. बटण पुन्हा दाबलं, ४० सेकंद चाललं, पुन्हा थांबलं. दुसरं मेमरी कार्ड शोधून, ते रिकामं आहे ना हे बघून पुन्हा सुरू करेपर्यंत १७ मिनिटं गेली.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी नाटक मंडळीचे मालक आख्यान सांगतात, कोणी काय व्हायचं ते ठरतं, आणि पुढे रात्रभर नट स्वतःच्या बुद्धीने बोलतो. त्यामुळे ती १७ मिनिटं आता कुठेच नाहीत. नारद झालेल्या काकांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "राती काय बोललंय ता माका आता खंय आठवतला?"

यंदा कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला. तिथून आमच्या पट्ट्यातल्या जत्रा सुरू होतात. हातात २७ दिवस आहेत. तेवढ्यात कोणत्या यंत्रात कोणतं कार्ड घालायचं हे अंदाजाने नाही, तपासून ठरवायचं आहे. भाचा मदतीला आहे. खर्चाला ९,००० रुपये बाजूला काढलेत.

यंत्रं चार. मुख्य कॅमेरा (फोरके, १०० मेगाबिट प्रतिसेकंद). जुना हँडीकॅम (फुल एचडी, २८ मेगाबिट). रंगपटात (नट रंगतात त्या जागी) ठेवायला भाच्याचा फोन. आणि पेटी, पखवाज, झांजेसाठी वेगळा आवाजाचा रेकॉर्डर.

रात्रीच गणित मांडलं. मेगाबिटला ८ ने भागलं की एमबी मिळतात. कार्डावर एमबी छापलेले असतात, कॅमेऱ्याच्या मेनूत मेगाबिट, आणि इथेच निम्मा घोटाळा होतो. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ एमबी प्रतिसेकंद, म्हणजे तासाला ४५ जीबी. पालखी फिरून आल्यावर ११ वाजता खेळ उभा राहतो आणि सकाळी ६ ला दहीकाला होतो. ७ तास. एकूण ३१५ जीबी. हँडीकॅमला तासाला १२.६, रात्रीचे ८८ जीबी. फोनचं अजून मोजायचंय. आवाजाला तासाला जेमतेम १ जीबी.

२१ ऑक्टोबर, सोमवार

घरातली सगळी कार्डं टेबलावर ओतली. ११ निघाली. दोन लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून आलेली, एक जुन्या फोनमधलं, बाकीची कधी घेतली ते आठवतही नाही. भिंग घेऊन एकेकावरच्या खुणा वाचल्या.

भाच्याने विचारलं, एवढ्याशा तुकड्यावर इतकी चिन्हं कशाला? कारण प्रत्येक चिन्ह वेगळ्या वेळी, वेगळ्या गरजेतून आलंय. एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून जाहीर केलं, तेव्हा त्याच्यावर अख्खी रात्र चित्रित करायचा विचार कुणाच्या मनात नव्हता. २००६ मध्ये वेगाचे क्लास (दर्जे) आले : गोलातला २, ४, ६ आणि पुढे १०. मग यू अक्षराच्या पोटातले १ आणि ३. २०१६ मध्ये व्हिडिओसाठी व्ही ६, १०, ३०, ६०, ९०. त्याच वर्षी फोनसाठी ए१ आणि पुढच्या वर्षी ए२.

यातलं आमच्या कामाचं एवढंच : गोलातला १० किंवा यू१ म्हणजे सलग लिहिताना वेग १० एमबीच्या खाली जाणार नाही हा शब्द. यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबीच्या खाली जाणार नाही. ठळक अक्षरांत छापलेले १७० किंवा २०० हे बहुतेक वेळा वाचण्याचे आकडे असतात, तेही 'पर्यंत' या शब्दासकट. कॅमेरा रात्रभर वाचत नाही, लिहितो. आपल्याला हवा तो आकडा सगळ्यात बारीक चिन्हात आहे.

गेल्या वर्षी बंद पडलेलं कार्डही या ढिगात सापडलं. त्यावर मोठा आकडा ९५. शेजारी बारीक यू१. म्हणजे हमी १० एमबीची आणि आम्ही मागत होतो १२.५. कॅमेरा उसना होता, त्याने कार्ड नाकारलं नाही, म्हणून आम्हीही विचार केला नाही. कार्डाने दिलेला शब्द मोडला नव्हता. पण रात्री ११ पासून ३ वाजेपर्यंत सगळं नीट चाललं आणि मग एकाएकी का थांबलं, हे यातून कळत नाही. ते शोधायचं आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कुडाळला जाऊन खरेदी. दुकानदाराने आधी काढून दाखवलं ते यूएचएस-२ चं (जास्त वेगाच्या जोडणीचं) कार्ड, मागे पट्ट्यांच्या दोन ओळी असलेलं, तिप्पट किमतीचं. आमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत एकाच ओळीचे पिना आहेत. ते कार्ड त्यात चाललं असतं, पण एका ओळीच्याच वेगाने. नको म्हटलं.

एकच मोठं ५१२ घ्यावं की १२८ ची तीन, यावर भाच्याशी बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं, मधे बदलायची कटकट नको. माझं म्हणणं, एक कार्ड गेलं तर रात्रीचा तिसरा भाग जावा, अख्खी रात्र नको. १२८ जीबीत आमच्या दराने २ तास ५० मिनिटं बसतात. दोनदा बदलावं लागेल. बदलायला २० सेकंद लागली तरी तेवढा वेळ हँडीकॅम चालूच असणार. तीन घेतली.

घेतलेली कार्डं : १२८ जीबीची तीन पूर्ण आकाराची, यू३, व्ही३०. फोनसाठी १२८ चं मायक्रो, यू१, ए१. हँडीकॅमसाठी १२८ चं मायक्रो, सीसीटीव्ही आणि गाडीतल्या कॅमेऱ्यांसाठी म्हणून जे जास्त टिकाऊ विकतात ते, तेही व्ही३०. शिवाय भाच्याने महिन्यापूर्वी ऑनलाइन मागवलेलं २५६ चं एक मायक्रो आहे, फारच स्वस्तात मिळालेलं. तेही तपासणीत घेतलं.

प्रत्येकावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन वर बारीक पेनाने आकडा लिहिला. १, २, ३ मुख्य कॅमेऱ्याची. ४ फोनचं. ५ हँडीकॅमचं. ६ ते स्वस्तातलं. ७ गेल्या वर्षीचं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणीची पद्धत ठरली. लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यात एफ३ नावाचा छोटा प्रोग्राम टाकला. तो कार्ड काठोकाठ भरतो, प्रत्येक जीबीची वेगळी फाइल लिहितो, आणि नंतर सगळं परत वाचून लिहिलं तेच आलं का हे बघतो. विंडोजवाल्यांसाठी एच२टेस्टडब्ल्यू हेच काम करतो. थोडंसं लिहून वेग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही, कारण आमचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या तासाला सुरू होतं.

कार्ड १ लावलं. १२८ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर ११९ दिसतं. भाचा दचकला. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, म्हणून हा फरक. यात फसवणूक नाही.

कार्ड १ : सरासरी ५८ एमबी, सर्वांत कमी ४४. वाचताना ८८. खोक्यावर १७० छापलंय, पण यूएचएस-१ चा ठरलेला रस्ता १०४ एमबीलाच संपतो. त्यापुढचा वेग कंपन्या स्वतःच्या युक्तीने काढतात आणि त्यासाठी त्यांचाच रीडर लागतो. ४४ म्हणजे गरजेच्या साडेतीन पट. पुरेसं आहे.

कार्ड २ आणि ३ : जवळपास तसंच. ३ चा सर्वांत कमी वेग ३९.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कार्ड ६. वाईट बातमी. फोनमध्ये २५६ दिसतं, लॅपटॉपवर २३८ दिसतं, फोटो टाकले की उघडतात. भरायला लावलं तर सुरुवातीला ठीक, मग वेग विचित्र वर-खाली. परत वाचायला लावल्यावर उलगडा झाला. पहिले २९ जीबी बरोबर, बाकी सगळं पुसलेलं किंवा एकावर एक लिहिलेलं. आत ३२ जीबीची चिप आहे आणि तिच्या नियंत्रकाला २५६ सांगायला शिकवलंय. जागा संपली तरी ते कार्ड कधीच नाही म्हणत नाही. फाइलींची नावं दिसतात, मापं दिसतात, आत काही नसतं.

हे जर रंगपटात वापरलं असतं तर पहिला दीड तास नीट आला असता आणि बाकीची रात्र नावापुरती. आणि आम्हाला ते कळलं असतं घरी आल्यावर.

भाच्याच्या फोनमध्ये या कार्डावर त्याच्या आजीचे फोटो होते, २९ जीबीच्या आतले असल्यामुळे वाचले. आधी ते काढून घेतले. मग कार्ड पक्कडीने मोडलं, कारण ते घरात राहिलं तर कुणीतरी पुन्हा वापरणार. कार्ड कुठूनही घ्या, खोकं कितीही खरं वाटो, पहिल्याच दिवशी एकदा काठोकाठ भरून वाचून बघा. यात सूट नाही, दुकानातून घेतलेल्यालाही नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

कार्ड ४ (यू१, ए१). पहिले १४ जीबी ६० च्या वर, मग एकदम १९, आणि शेवटपर्यंत १७ ते २१. ही घसरण कशी होते ते समजून घेण्यासारखं आहे. स्वस्त कार्डांत माहिती साठवणाऱ्या एकेका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबतात. तसं कोंबत लिहायला वेळ लागतो. म्हणून कार्ड काही भाग तात्पुरता एकेक बिटाने भरून घेतं, ते झटपट होतं, आणि उसंत मिळाली की तो माल नीट रचतं. आम्ही उसंतच दिली नाही तर ती मोकळी जागा संपते आणि खरा वेग दिसतो. यू१ च्या १० एमबीच्या हिशेबात १९ चांगलाच आहे. फक्त पहिल्या दोन मिनिटांवरून कार्ड पारखू नये.

कार्ड ५ (टिकाऊ म्हणून विकतात ते) : ३४ ते ३६, पहिल्या जीबीपासून शेवटच्यापर्यंत. सुरुवातीला कार्ड ४ पेक्षा कितीतरी हळू, आणि १४ जीबीनंतर कायम पुढे. आलेख काढला तर सरळ रेघ. मला हे कार्ड फार आवडलं.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज सापडलं.

कार्ड ७, गेल्या वर्षीचं. रिकामं करून, फॉरमॅट करून भरलं : सगळ्यात कमी २२ एमबी. म्हणजे १२.५ सहज पेललं असतं. मग त्या रात्री काय झालं? भाच्याची जुनी वही काढली. त्यात त्याच्याच अक्षरात : 'रात्री २.४० जागा कमी, पालखीचे व प्रेक्षकांचे तुकडे पुसले.'

तेच. आमच्याकडे तेव्हा कॅमेऱ्यासाठी काढलेली दोनच कार्डं होती. जागा संपत आली म्हणून पहिल्या कार्डातल्या मधल्या मधल्या क्लिपा पुसून तेच परत लावलं होतं.

आज तसंच करून पाहिलं. कार्ड छोट्या-मोठ्या फाइलींनी भरलं, एक सोडून एक पुसली, आणि त्या फटींत लिहायला लावलं. वेग ८, मग ११, मग ६, मधे दोन-दोन सेकंद काहीच नाही. कॅमेरा एवढा वेळ थांबत नाही. त्याच्या पोटातली तात्पुरती जागा भरते आणि तो रेकॉर्डिंग सोडून देतो.

कार्डाच्या आत पुसण्याचं काम मोठमोठ्या ठोकळ्यांनी होतं, लिहिण्याचं लहान पानांनी. ठोकळ्यात थोडा जुना माल जिवंत असेल तर आधी तो दुसरीकडे न्यायचा, मग ठोकळा पुसायचा, मग लिहायचं. लावणी झालेल्या कुणग्यात (भातशेताच्या तुकड्यात) मधल्या रिकाम्या जागी रोपं लावायला जावं, तर आधीची तुडवू नयेत म्हणून एकेक पाय जपून टाकावा लागतो, तसं. क्लासची हमी धरायची ती मोकळ्या, सलग जागेवर. फटींत लिहिताना तिचा काही उपयोग नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं : खेळ चालू असताना एकही क्लिप पुसायची नाही. जागा संपली तर नवं कार्ड. फॉरमॅट फक्त दोन प्रती झाल्यावर, आणि तोही कॅमेऱ्यातच.

भाचा जेवला नाही नीट. त्या ओळीखाली त्याचं अक्षर होतं ना. त्याला सांगितलं, पुसायला मीच सांगितलं होतं. ते खरंच आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. दुपारनंतर दोन तास काम.

कार्ड ५ मायक्रो आहे, हँडीकॅमला अडॅप्टरमधून लावलं. 'कार्ड लॉक आहे' अशी सूचना. अडॅप्टरच्या बाजूची पांढरी कळ ढिली झालीय, आत सरकवताना आपोआप खाली जाते. ती कळ विजेचं काही करत नाही, फक्त खाच उघडी की झाकलेली हे यंत्राला कळतं. खाचेवर सेलोटेपचा अरुंद तुकडा चिकटवला, चाललं. पण रात्रभराच्या कामाला टेप लावलेला अडॅप्टर नको, सुटून आत अडकेल. नवा अडॅप्टर घेतला.

६ नोव्हेंबर, बुधवार

फोन. फोरके ३० फ्रेमला एक मिनिट घेऊन फाइल मोजली : ३६० एमबी. म्हणजे सेकंदाला ६, तासाला २१.६ जीबी. कार्ड ४ चे १७ ते २१ भरपूर.

कार्ड आत घातल्यावर फोन विचारतो, हे फोनचीच साठवण म्हणून वापरायचं की वेगळं? अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून ही सोय आहे, सगळ्या फोनांत नाही. फोनची साठवण केलं तर कार्ड सांकेतिक करून त्या एका फोनशी बांधलं जातं. फोन पडून बंद झाला तर ते कार्ड दुसरीकडे कुठेच वाचता येत नाही. चित्रणासाठी वेगळंच ठेवायचं.

ए१ आणि ए२ बद्दल भाच्याच्या मित्रांत फार चर्चा आहे. ए१ म्हणजे विखुरलेल्या छोट्या तुकड्यांची सेकंदाला निदान १,५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ए२ म्हणजे ४,००० आणि २,०००. पण ए२ चे आकडे मिळायला फोनलाही त्या कार्डाशी बोलायची नवी रीत यावी लागते. शेजाऱ्यांचं ए२ कार्ड मागून आणलं, भाच्याच्या २०१९ च्या फोनमध्ये घातलं. गॅलरी उघडायला दोन्ही कार्डांवर सारखाच वेळ. ज्यांना कार्डावर अ‍ॅप चालवायची आहेत त्यांनी याचा विचार करावा. चित्रण सलग असतं, त्याला यू आणि व्ही बघावं.

दुसरी अडचण साधी आहे. फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत. रात्रभर भाच्याचं एक सिम बंद राहणार. त्याच्या आईला दुसरा नंबर दिला.

९ नोव्हेंबर, शनिवार

आवाजाचा रेकॉर्डर ३२ जीबीपर्यंतच कार्ड घेतो. कार्डावर फाइली मांडायची रचना २ जीबीच्या वर ३२ पर्यंत फॅट३२, त्यापुढे एक्सफॅट, आणि हा जुना रेकॉर्डर एक्सफॅट ओळखत नाही. ढिगातलं १६ जीबीचं क्लास १० घेतलं, भरून तपासलं, ११ एमबी. आम्हाला सेकंदाला ०.३ सुद्धा लागत नाही. इथे नवं कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया.

रेकॉर्डर दर २ जीबीला नवी फाइल करतो, म्हणजे २ तास ४ मिनिटांनी. हँडीकॅमही ४ जीबीला फाइल तोडतो, साधारण २० मिनिटांनी. हँडीकॅमचे ते तुकडे एडिटिंगच्या टेबलावर नुसते एकापुढे एक ठेवले तर जोडाच्या जागी आवाजाला ठसका लागतो. बाइटला बाइट जोडून आधी एक फाइल केली की तो जातो. पखवाजाच्या थापेवर मध्येच असा ठसका आला तर ऐकणाऱ्याला वाटेल वाजवणाराच चुकला, म्हणून हे जपायला हवं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. देवळात रात्री भजन होतं, बुवांची परवानगी घेऊन पूर्ण तालीम. चारही यंत्रं, ५ तास. कार्ड १ भरल्यावर बदल : १४ सेकंद. लाल दिवा विझल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे भाच्याने मोठ्याने म्हणून मगच हात लावायचा, असं ठरवलं.

रात्री दमट हवा फार. कॅमेरा बाहेर ठेवला तर काच धुरकटते. कार्डं स्टीलच्या छोट्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत. कार्डाला स्वतःला आमच्या हवेचं भय नाही, उणे २५ ते ८५ अंशांत ती चालतात. भीती पट्ट्यांवर चढणाऱ्या पुटाची. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसल्या.

१५–१६ नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र

(वहीतून तसंच उतरवतोय.)

१०.५० रंगपट. पेटाऱ्याची पूजा. फोन कोपऱ्यात, कार्ड ४. मालक म्हणाले, "करा, पण उजेड डोळ्यांर मारू नको."
११.१० आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग). गणपती, रिद्धी-सिद्धी. सगळं चालू.
११.४५ संकासुर. लहान मुलं कॅमेऱ्यापुढे उभी. तिपाई दोन बोटं उंच केली.
१.२२ वीज गेली. जनरेटर यायला ५० सेकंद. मुख्य कॅमेरा थेट विजेवर चालवणाऱ्या डमी बॅटरीवर होता, बंद पडला. हँडीकॅम आणि रेकॉर्डर स्वतःच्या बॅटरीवर, चालू. अंधारात नट बोलतच राहिले, तो आवाज रेकॉर्डरवर आहे.
१.२४ कॅमेऱ्याला साधी बॅटरी. कार्ड १ वर आणखी काही न लिहिता ते बाजूला काढलं, कार्ड २ लावलं. डमी बॅटरी पिशवीत.
४.०६ कार्ड ३. १२ सेकंद.
४.३० नारद. गेल्या वर्षी इथेच गेलं होतं. मी उभाच राहिलो कॅमेऱ्याजवळ.
६.०५ दहीकाला. हंडी फुटली.

१७ नोव्हेंबर, रविवार

उतरवणं. चांगल्या रीडरवर १२८ जीबीला २४ मिनिटं लागली. भाच्याने जुना यूएसबी-२ चा रीडर लावला होता, त्यावर तासभर. छापलेल्या मोठ्या आकड्याचा उपयोग झाला तर इथे होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप नसताना.

दोन हार्डडिस्कवर दोन प्रती. प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा (आत एक बिट बदललं तरी बदलणारा ठसा) काढून मूळ कार्डाशी पडताळला. १४१ फाइली, १४० जुळल्या. एक जुळेना, पुन्हा उतरवली, जुळली. रीडरची वायर सैल होती. पडताळलं नसतं तर हे कधी कळलं असतं?

वीज गेली तेव्हाची फाइल उघडत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आतच कॅमेरा गेला. चित्र आत आहे, कुठे काय आहे हे सांगणारा भाग नाही. आधी कार्ड १ ची जशीच्या तशी प्रत काढली, सगळे प्रयोग प्रतीवर. अनट्रंक नावाचा प्रोग्राम त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून मागतो. भजनाच्या तालमीची दिली. ३५ मिनिटांनी फाइल उघडली. शेवटचे ३ सेकंद नाहीत, बाकी सगळं आहे. ते ३ सेकंद हँडीकॅमवर आहेत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना नारदाचा भाग दाखवायला लॅपटॉप घेऊन गेलो. सोबत पेटीवाले बुवा होते. काका पूर्ण २३ मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या मी बोललंय?" बुवांनी एका जागी थांबवायला सांगितलं आणि पदाची चाल त्यांच्या आजोबांच्या वेळची कशी होती ते गाऊन दाखवलं. ते टिपायला जवळ फक्त फोन होता. कार्ड ४ वर घेतलं, घरी येऊन लगेच उतरवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या जत्रेची तयारी. कार्ड १, २, ३ कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली, दोन्ही प्रती उघडून बघितल्यावर. कार्ड ७ आता रेकॉर्डिंगला नाही, फक्त फोटोंना. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून भाचा एसटीने पुण्याला नेतोय. सगळ्या प्रती एकाच घरात असून चालणार नाही. आणि कार्डात काही साठवून ठेवायचं नाही. पेशींतला विद्युतभार वर्षानुवर्षांत झिरपतो, कपाटात ठेवलेलं कार्ड म्हणजे संग्रह नव्हे.

१,४०० रुपये उरलेत. त्यातून कॅमेऱ्याची आणखी एक बॅटरी घ्यायची, आणि सैल वायरीचा रीडर बदलायचा. हँडीकॅमसाठी कार्ड ५ सारखंच एक जादा मिळालं तर बघायचं, मंगळवारी कुडाळला जाणं आहेच.